थोरल्या घराचा राबता

३ फेब्रुवारी

भिंगरे,

खालचा इस्त्रीवाला काल कपडे द्यायला आला तो रविवारची पुरवणी हातात घेऊनच. म्हणाला, बाई, या तुमच्या बहीण ना? मला वाटलं, तू बेपत्ता बिपत्ता झालीस की काय. फोटो पाहिला आणि वाटलं, तसं झालं असतं तर बरं.

थोरल्या घरातली बेबीची खोली. वेताची खुर्ची. खुर्चीत तू, रेशमी साडी, हनुवटी वर, समोर चित्रकार बसवल्यासारखी. खाली छापलंय की याच घरात बालपण गेलेल्या, घराण्याच्या ज्येष्ठ लेक दर रविवारी संग्रहालय बघायला येणाऱ्यांपुढे आठवणींना उजाळा देतात.

कुठल्या गं घराण्याच्या? आपलं घराणं म्हणजे कारभारी, त्याची बायको आणि त्याच्या दोन मुली. आपल्याला आजोबांच्या पलीकडे पूर्वजसुद्धा ठाऊक नाहीत.

तुला विसर पडला असेल तर उजाळ्याचं काम मलाही जमतं. घर साहेबांचं. साहेब, बाईसाहेब आणि त्यांची बेबी राहायची राजधानीत. वर्षातून दोनदा मोटारी भरून यायची, दोनचार आठवडे राहून जायची. एरवी एवढं मोठं धूड बंद ठेवलं तर त्याला ओल धरते, वाळवी लागते, वटवाघळं बिऱ्हाड करतात. म्हणून तर आपले बाबा. बाबांची नोकरी म्हणजे घर राबतं ठेवणं. दर आठवड्याला आपण चौघं गाद्या डोक्यावर घेऊन नव्या खोलीत राहायला जायचो. खिडक्या उघडायच्या, दिवे लावायचे, मोठमोठ्याने बोलायचं, जिन्यावरून धावायचं. इतर मुलांना पळतात म्हणून ओरडा बसतो, आपल्याला गप्प बसलो म्हणून बसायचा.

पण पलंगावर झोपायचं नाही, पलंगाशेजारी जमिनीवर. खुर्चीत टेकायचं नाही. भिंतीला हात लावायचा नाही. मालक निघाल्याची तार आली की आपण मागच्या दोन खोल्यांत गडप. बाईसाहेब आत यायच्या, दीर्घ श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, माझं घर माझी वाट पाहत कसं ताजं राहतं बघा. आई दाराआड उभी राहून हे ऐकायची. घर ताजं राहत नव्हतं, भिंगरे. आपण त्यात श्वास घेत होतो.

आणि आता तू त्याच खुर्चीत बसून बाईसाहेबांची पुतणी असल्यासारखी हसतेस. आईबाबांनी जन्मभर जे झाकून केलं त्याच्यावर तू साडीचा पदर पांघरलास. येत्या रविवारी त्या लोकांना खरं काय ते सांग. तुला जमत नसेल तर मी तिथल्या माणसांना लिहीन, आणि मला चार ओळींत संपवता येत नाही हे तू जाणतेस.

ताई


१४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र वाचून आधी पाणी प्यायले. अजून तुझं पाकीट उघडताना पाठ आपोआप ताठ होते.

मी घराण्याची लेक आहे असं कुणालाही सांगितलेलं नाही. झालं ते इतकंच. मागच्या वर्षी तिकीट काढून घर बघायला गेले होते. विश्वस्तांचा एक चिटणीस आहे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून बोलतो. तो लोकांना दर्शनी जिना दाखवत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, या कठड्यावरून घसरत यायला काय मजा यायची. तो म्हणाला, तुम्ही? मी म्हटलं, माझं लहानपण इथेच गेलं. हे खोटं आहे का? पुढे त्याने काही विचारलंच नाही. कुठल्यातरी चुलत शाखेतली समजला असावा. हात जोडले आणि माझ्यासाठी खुर्ची मागवली. आजवर माझ्यासाठी कुणी खुर्ची मागवली नव्हती, ताई. मी बसले.

मी काय सांगते ते ऐकायला तरी ये. ज्या मेजावर तह झाला म्हणून लोक टोप्या काढतात, त्याच्याखाली आपण लपायचो ते. नाचाच्या दिवाणखान्यात या टोकाकडून त्या टोकाला हाका मारायचो आणि हाक छताला लागून परत यायची ते. बाबा म्हणायचे, "जोरात, अजून जोरात, पगार त्याचाच आहे." पगाराचं तेवढं मी गाळते. बाकी एक शब्द खोटा नाही. आता 'बाबा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तसबिरीतले साहेब उभे राहतात, त्याला मी काय करू?

आणि तू मला शिकवू नकोस. तुझ्या प्रगतिपुस्तकावर थोरल्या घराचा पत्ता होता. कॉन्व्हेंटातल्या सगळ्या मुली तुला तिथली समजायच्या. एकदा कुणा मैत्रिणीची मोटार तुला सोडायला आली, तेव्हा तू दर्शनी फाटकाशी उतरलीस. मोटार दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिलीस आणि मग सगळं कुंपण फिरून मागच्या बाजूने आलीस. मी झाडावर बसून पाहत होते. आईला सांगितलं नाही.

पत्र लिहिशील तर याच पत्त्यावर लिही, संग्रहालयाच्या. घरी पोस्टमन नीट देत नाही.

तुझी,
भिंगरी


२२ फेब्रुवारी

भिंगरे,

फाटकाबद्दल. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं आणि त्यांनी काही विचारलं नव्हतं. हे तुझंच उत्तर आहे असं म्हणशील. म्हण. फरक इतकाच की मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि तू आता अडुसष्टची आहेस. तेराव्या वर्षी माणूस मूर्ख असतो, ती निसर्गाची व्यवस्था आहे. अडुसष्टाव्या वर्षी ती स्वतः करावी लागते.

तुझ्या त्या श्रोत्यांबद्दल मला जराही आदर नाही. रविवारची सुट्टी मिळाली म्हणून दुसऱ्याच्या न्हाणीघरात डोकावायला रांग लावणारी माणसं. बाथटबाला सिंहाचे पाय आहेत हे पाहून ती घरी जातात आणि आपण इतिहास पाहिला असं शेजाऱ्यांना सांगतात. आणि तुझा चिटणीस. वंशावळ आणि वाणसामानाची यादी त्याच्यापुढे ठेवली तर तो दोन्ही काचेत लावेल.

पण हे पत्र त्यासाठी नाही. पोस्टमनचं कारण मला पटलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी जन्म काढला, समोरचा काय लपवतोय हे मला पहिल्या 'हॅलो'ला कळतं. पत्रातही कळतं. म्हणून तुझ्या घरी फोन लावला. तुझी सून म्हणाली, "त्या आता इथे नसतात." नसतात म्हणे. जशी तू हंगाम संपलेली भाजी. कुठे असतात म्हणून विचारलं तर म्हणाली, "त्यांच्या माहेरी."

तुला माहेर कुठलं? बाबा गेले, आई माझ्याकडे असताना गेली, आणि माहेर म्हणून उरलेली मी इथे फोन हातात धरून बसले आहे. उलट टपाली उत्तर पाठव. या वेळी गाळू नकोस.

ताई


३ मार्च

प्रिय ताई,

तिने सांगितलं ते बरोबर आहे. मी थोरल्या घरातच राहते. मागच्या त्याच दोन खोल्यांत.

मुलाला दोष देऊ नकोस. त्याच्याकडे जागाच नाही. नातीला अभ्यासाला खोली हवी होती, म्हणून माझा पलंग बोळात आला, चपलांच्या कपाटाशेजारी. येणारा जाणारा माझ्या उशाशी बसून बूट काढायचा. कुणी वाईट बोललं नाही. फक्त मी जागी असले तरी सगळे मी झोपले आहे असं समजून बोलायचे. एक दिवस चिटणिसाने सहज विचारलं, मागे दोन खोल्या रिकाम्या आहेत, तुम्ही राहाल का, घराण्याचं कुणी वास्तूत असलं की बरं दिसतं. मी पिशवी भरली आणि आले. तुला कळवलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला पाठ होतं.

तर आता समजून घे. मला ही जागा मिळाली ती घराण्याची लेक म्हणून. कारभाऱ्याच्या मुलीला कोण देतंय? रविवारी गोष्टी सांगायच्या आणि बाकीचे दिवस राहायचं. लोक गेले, कुलपं लागली, की किल्ल्या माझ्याकडे असतात. मी एकेका खोलीत जाऊन उभी राहते. कशाला ते विचारू नकोस.

आणि आता बेबी येते आहे. महिनाअखेरीला. पन्नास वर्षांत तिने पाऊल टाकलं नव्हतं. चिटणीस नुसता नाचतो आहे. ती मला बघेल आणि म्हणेल, ही कोण? मग मला कुठे जायचं? बोळ आता भरलाय, तिथे त्यांनी फ्रीज ठेवलाय. तू येशील का, ताई? तू नुसती शेजारी बसलीस तरी पुरे. तुझ्यापुढे कुणाची बोलायची छाती होत नाही.

भिंगरी


९ मार्च

भिंगरे,

तुझ्या मुलाला लहानपणी मी आंघोळ घातली आहे, म्हणून त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं खूप असूनही लिहीत नाही. त्या फ्रीजमध्ये काय ठेवतात कुणास ठाऊक. लाज तरी नसावी, ती टिकली नसती.

मी येणार नाही. एका ढोंगाला दोन बहिणी कशाला? माझ्याकडे दोन खोल्या आहेत. एकीत मी असते, दुसरीत शिलाईचं मशीन. मशीन हलतं. हे एकदाच लिहिते आहे, आग्रह करायची मला सवय नाही. बेबी यायच्या आत त्या चिटणिसाला खरं सांग आणि ताठ मानेने निघून ये.

ताई


२ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं ऐकलं नाही. रोज सकाळी सांगायचं ठरवायचे आणि संध्याकाळी किल्ल्या हातात आल्या की उद्यावर टाकायचे.

बेबी आली. सत्तरी ओलांडली आहे, पण ताठ आहे. हातात काठी, गळ्यात बाईसाहेबांचे मोती. चिटणीस तिच्यापुढे उलटा चालत होता. मला वाटलं, आता ती बोट दाखवणार. ती माझ्यासमोर दुसऱ्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "चालू द्या." भीतीने माझी जीभ सुटली. कठडा, मेज, हाका, सगळं सांगितलं, एरवी ठेवणीतलं म्हणून राखते तेही सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर रुमाल काढला, डोळे टिपले आणि लोकांकडे वळून म्हणाली, "अगदी असंच. त्या कठड्यावरून पडून माझा गुडघा फुटला होता."

ताई, गुडघा माझा फुटला होता. तिला तर जिना उतरताना आया हात धरायची.

लोक गेल्यावर ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "कारभाऱ्याची ना तू? धाकटी. छान सांगतेस." पहिल्या नजरेत ओळखलं होतं तिने. चिटणिसाला सांगितलं, ही आमच्या नोकरमाणसांपैकी. त्याचा चष्मा नाकावरून पडायचाच राहिला. त्या दिवसापासून त्याने माझ्याशी हात जोडून बोलणं बंद केलं, नुसतं बोलणंही जवळजवळ बंदच.

माझे सगळे रविवार त्याने ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. बेबीने ते संध्याकाळी बसून ऐकले, परीक्षेचा अभ्यास करावा तसे. ती आता इथे हंगामभर राहणार आहे. खुर्चीत ती बसते. माझ्या खोल्या राहू दिल्या आहेत, पण मी पांढरी साडी नेसून तिच्या खुर्चीमागे उभं राहायचं. आया म्हणून. लोकांना ते आवडतं म्हणे.

मी हो म्हटलं. खुर्ची मला आवडली होती, खोटं कशाला बोलू. पण खुर्चीशिवाय माझं चालेल. घराशिवाय नाही चालणार. किल्ल्या अजून माझ्याकडेच आहेत.

भिंगरी


७ एप्रिल

बाईसाहेब,

तुमच्या वडिलांच्या कारभाऱ्याची थोरली मुलगी लिहीत आहे. मी तुम्हाला आठवत नसेन. तुम्ही मला चांगल्या आठवता. तुम्ही आलात की आम्ही मागच्या खिडकीतून तुम्हाला पाहत असू. पिवळ्या फ्रॉकमध्ये तुम्ही सकाळपासून झोपाळ्यावर बसलेल्या असायचात आणि जेवायला हाक येईपर्यंत कंटाळलेल्या असायचात. त्या घरात कंटाळण्याखेरीज तुम्ही काही केल्याचं मी पाहिलं नाही. ती आठवण मात्र अस्सल तुमची आहे. रविवारी ती सांगावी.

कठड्यावरून घसरल्याचं ऐकते. तुमच्या बुटांच्या नाड्या बांधायला एक माणूस होता, केस विंचरायला एक आणि दूध प्यायलात की टाळ्या वाजवायला एक. घसरायला कुणाला ठेवलं होतं ते आता कळलं.

तुमच्याकडे घर आहे, मोती आहेत, तसबिरी आहेत, उलटा चालणारा चिटणीस आहे. माझ्या बहिणीकडे फुटलेल्या गुडघ्याचा एक वण आहे. तेवढाही तुम्हाला हवासा वाटावा, याबद्दल मला तुमची कीव येते. तिला कारभाऱ्याची मुलगी म्हणून खुर्चीत बसवा आणि तिचं तिला बोलू द्या. ते जमत नसेल तर निदान तिच्या आठवणींना हात लावू नका.

कारभाऱ्याची थोरली


१८ एप्रिल

प्रिय भगिनी,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर सुंदर आहे. कॉन्व्हेंटमधली तुमची फी माझ्या आईने भरली होती. ती वाया गेली नाही हे पाहून समाधान वाटलं.

तुम्ही रागावल्या आहात, पण विचार केलेला दिसत नाही. तुमच्या वडिलांना माझे वडील घर राबतं ठेवण्याचा पगार देत. मुलींनी धावणं, हाका मारणं, हसणं हा त्या कामाचाच भाग होता. तुमचे वडील ते अभिमानाने सांगत. माळ्याला पगार मिळतो, फुलं मालकाची असतात. माझ्या घरात, माझ्या वडिलांच्या पैशाने जे बालपण झालं ते माझंच धरायला हवं. त्या वेळी मी ते वापरलं नाही, इतकंच. आता वापरते आहे.

तुमच्या बहिणीची काही तक्रार नाही. तिने तिथे राहावं की नाही हे विश्वस्त माझ्या शब्दावर ठरवतात. तिला त्याची जाणीव आहे. तुम्हालाही असावी, असं वाटतं.

प्रकृतीस जपावं.

(सही)


२१ एप्रिल

भिंगरे,

सोबत तुझ्या मालकिणीचं पत्र. बसून वाच. आया म्हणून बसायला परवानगी नसेल तर उभ्याने वाच.

मी एक्स्चेंजमध्ये असताना पुष्कळ बड्या लोकांची बोलणी कानावर पडली. दुसऱ्याची जमीन खाणारे ऐकले, भावाचा हिस्सा खाणारे ऐकले. दुसऱ्याचं लहानपण खाऊन वर हिशेब मांडणारी ही पहिलीच. आणि हिशेब तरी कसला! फी तिच्या आईने भरली हे खरं आहे. मग मी तिला पाठवलेलं पत्रही तिच्याच मालकीचं. म्हणजे ते तिने स्वतःलाच लिहिलं. तसं असेल तर तिला स्वतःची चांगलीच पारख आहे, एवढं मी मान्य करीन.

पण तिचं मी काय घेऊन बसले आहे? ती शेवटी बेबीच. मला चीड येते ती तुझी. तिने तुझा गुडघा घेतला आणि तू मागे उभी राहून मान डोलावतेस. घराशिवाय चालणार नाही म्हणे. अगं, ते घर आपलं कधी नव्हतं. आपण त्याला लावलेलं वाळवीचं औषध होतो. औषधाला लाकडाचं प्रेम असतं का?

मशीन हलवलं आहे. त्याचा अर्थ वाटेल तो घे.

ताई


५ मे

प्रिय ताई,

'मी येणार नाही' असं एक पत्र लिहून ठेवलं होतं. त्यात तुला बरंच काही बोलले होते. तुला कधी कशावर प्रेम करता आलं नाही, म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही, असं काहीतरी. ते फाडलं. सगळं खोटं होतं म्हणून नाही, आता त्याचा उपयोग राहिला नाही म्हणून.

बेबीचं पत्र वाचलं होतं. खरं सांगू, मला ते थोडंसं पटलंही. कामाचाच भाग होता तो. मी ठरवलं, घेऊ दे तिला. कठडा घे, गुडघा घे, मेज घे, हाका घे. मी खुर्चीमागे उभी राहून एकेक वस्तू मनात तिच्या ओंजळीत टाकत होते आणि दर रविवारी जरा हलकं वाटायचं. आणखी चार रविवारांत मी रिकामी झाले असते आणि मग निवांत राहिले असते.

परवा ती नाचाच्या दिवाणखान्यात गेली. गर्दी मोठी होती, विश्वस्तही आले होते. तुला आठवतं ना, त्या दिवाणखान्यात आपला आठवडा आला की आई किती बावरायची? बाबा म्हणायचे, बायकामाणसाचा आवाज घुमला पाहिजे, बोल काहीतरी. आईला बोलायला काही सुचायचं नाही. सगळा जन्म दाराआड गेलेला, मोठ्याने काय बोलणार? मग ती दोन्ही हात पाठीमागे बांधून, भिंतीभिंतीने फेऱ्या मारत पाढे म्हणायची. पावकी, निमकी, औटकी. तेवढंच तिला मोठ्याने म्हणता यायचं. म्हणता म्हणता आवाज चढायचा, छत तिला उत्तर द्यायचं आणि ती हसायची. मी तिला एरवी तशी हसताना पाहिलेली नाही. हे मी एकदाच सांगितलं होतं, बेबी आली त्या दिवशी, घाबरून. ठेवणीतलं म्हणाले ना, ते हेच.

बेबी दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहिली. काठीने छताकडे दाखवलं आणि म्हणाली, "इथे माझी आई संध्याकाळी गात फिरायची. अजून मला ऐकू येतं."

एक बाई रडायला लागली.

मी म्हटलं, "गात नव्हती. पाढे म्हणायची. आणि ती माझी आई होती."

मी मोठ्याने बोलले नव्हते गं. पण त्या छताचं तुला ठाऊक आहे.

चिटणीस म्हणाला, "आयाबाई, तुम्ही बाहेर व्हा." मी म्हटलं, मी आया नाही, कारभाऱ्याची धाकटी आहे, आणि या घरात जे धावलं, बोललं, हसलं ते सगळं आम्ही होतो. मग काय बोलले ते धड आठवत नाही. बेबीचा चेहरा मात्र आठवतो. रागावली नव्हती ती. एखाद्या दुकानात आवडलेली वस्तू हातातून काढून घेतल्यासारखी बघत होती. मला तिची दया आली नाही. यायला हवी होती का? तू असतीस तर सांगितलं असतंस.

किल्ल्या त्याच संध्याकाळी काढून घेतल्या. पंधरा दिवसांत खोल्या सोडायच्या आहेत. पांढरी साडी धुऊन परत द्यायची आहे.

सामान थोडं आहे. पण तू बोलावशील की नाही ते कळेना, म्हणून लिहिते.

भिंगरी


८ मे

भिंगरे,

बोलावशील की नाही म्हणे. मशीन हलवून पंधरवडा झाला. ते दारात उभं आहे आणि मी रोज त्याला अडखळते आहे. ते काय मी व्यायाम म्हणून ठेवलंय?

साडी धुऊ नकोस. तशीच दे.

पुढच्या शुक्रवारी सकाळच्या गाडीने मी येते. तू एकटी निघालीस तर चिटणिसाला जाता जाता नमस्कार करशील, म्हणून येते. आल्यावर मला तो दिवाणखाना एकदा बघायचा आहे. तिकीट काढून बघेन. विश्वस्तांना सांगून ठेव की मोठ्याने बोलणारी एक बाई येते आहे.

तू परवा जे बोललीस त्याबद्दल. उशिरा बोललीस, पांढऱ्या साडीत बोललीस, आणि धड काय बोललीस ते तुलाच आठवत नाही. पण जे आठवतं त्यातही एक चूक केलीस. ती तुझी एकटीची आई नव्हती. तिथे सगळ्यांसमोर उभी राहून तू 'माझी' म्हणालीस.

आपली होती. गेल्यावर ते आधी दुरुस्त करायचं आहे.

ताई